हुलियानरावांचा रविवारचा फोन

हुलियानराव गेले ही बातमी मला कोणी दिली नाही. मीच ती सगळ्यांना दिली. शनिवारची सकाळ होती, आमच्याकडे जपानात, उरायासुला त्या दिवशी रद्दी नेतात. जुने कागद, खोकी नीट सुतळीनं बांधून खाली ठेवायची असतात, आणि हे काम हुलियानराव करत, माझे जावई. मुलगी वैशाली तिच्या इन्स्टिट्यूटला गेली होती. गठ्ठा खाली ठेवून ते वर आले, दार लागल्याचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला. इथल्या घरांत दाराच्या आत एक खोलगट चौकोन असतो, तिथे बूट काढायचे आणि मग पायरी चढून घरात यायचं. तिथे ते रोज बसत आणि सावकाश बूट काढत. "आलो, आई" अशी हाक यायची. ती आली नाही. मी दोन-तीन वेळा विचारलं, चहा टाकू का. मग बाहेर येऊन बघितलं. भिंतीला टेकून बसलेले होते. एक बूट काढून बाजूला नीट ठेवला होता, दुसरा पायात होता.

मी ओरडले नाही. अंगाला हात लावला तेव्हाच कळलं. शेजारच्या ओकादा-सानचं दार वाजवलं, तिला हातानं खुणा करून आणलं, तिनं अँब्युलन्स बोलावली. मग मी वैशालीला फोन केला. ती म्हणाली, "आई, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर करू का?" मी म्हटलं, "नंतर नको. हुलियानराव गेले." ती म्हणाली, "कुठे गेले?"  मी नुसती फोन धरून उभी राहिले. मग तिला कळलं.

त्यांच्या देशातल्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्या वैशालीनं मला वाचून दाखवल्या. अर्थतज्ज्ञ, अर्थखात्यात इतकी वर्षं, मग युरोपातल्या देशांनी मिळून चालवलेल्या बँकेत मोठ्या पदावर, शांत स्वभाव, विश्वासू माणूस. सगळं खरं असेल. पण माझ्या स्वयंपाकघरात बसणारा माणूस त्या चार ओळींत कुठे दिसला नाही. वैशालीची एक मैत्रीण मराठी पेपरच्या पुरवणीत काम करते, ती म्हणाली, "काकू, तुम्ही लिहा. जसं बोलता तसं लिहा." माझी शाळा चौथीपर्यंत. अर्थशास्त्र मला कळत नाही. माणूस थोडाफार कळला, तेवढं लिहिते.

पहिल्यांदा ते आमच्या कराडला आले तेव्हा वैशालीनं चाळिशी गाठली होती आणि तिच्या लग्नाचं मी डोक्यातून काढून टाकलं होतं. ती तेव्हा जर्मनीत संशोधन करायची, हुलियानराव जवळच लक्झेंबर्गला नोकरीला होते. रेल्वेत ओळख झाली म्हणे. उंच, टक्कल पडलेला, वैशालीपेक्षा चौदा वर्षांनी मोठा माणूस आमच्या पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसला होता, शाळेत फी भरायला आलेल्या बापासारखा. आमचे हे तेव्हा होते. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, जन्मभर कमी बोलले. प्रश्न मीच विचारले.

"सरकारी नोकरी होती ना तुमची? मग सोडली का?"

वैशालीनं डोळे मोठे केले. पण त्यांनी नीट ऐकून घेतलं, तिच्याकडून अर्थ लावून घेतला आणि सांगितलं. बाप बेकरीवाला, गाव आत, डोंगराकडे, ऑलिव्हच्या झाडांचं. शाळेत हुशार म्हणून शिष्यवृत्ती मिळाली. मग आपल्याकडे पोरं पुण्यात खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात तशी त्यांच्याकडेही परीक्षा असते, वर्षानुवर्षं पोरं तिच्यापायी बसतात. ते पहिल्या खेपेला पास झाले. माद्रिदला अर्थखात्यात लागले. मंत्री बदलत गेले, हे राहिले. मंत्री टीव्हीवर जे बोलायचे ते आदल्या दिवशी यांच्या टेबलावर लिहिलेलं असायचं. तिथून पुढे युरोपच्या बँकेनं बोलावून घेतलं.

"तुम्हालाच का बोलावलं?" मी विचारलं.

ते वैशालीला काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, "तो म्हणतो, माझ्या पोटात गोष्टी राहतात म्हणून."

मला ते उत्तर आवडलं. जावई म्हणून बरा आहे असं मी तेव्हाच ठरवलं. त्या उत्तराचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला...

आमचे हे गेल्यावर वैशाली मला जपानला घेऊन आली. तिची नोकरी इथे, आणि हुलियानराव निवृत्त होऊन तिच्या मागे आले होते. आठवड्यातून एक दिवस ते टोकियोच्या एका विद्यापीठात शिकवायला जायचे. बाकी दिवस घरी. म्हणजे दिवसभर घरात मी आणि जावई. लोकांना हे ऐकून हसू यायचं. मलाही आधी अवघडल्यासारखं व्हायचं. जावयासमोर पाय पसरून बसायचं नाही, असं आमच्या पिढीचं. पण ते मराठी शिकले. माझ्याकडूनच शिकले, त्यामुळे त्यांची मराठी कराडची होती. "आई, जरा दम खावा की," असं ते म्हणायचे आणि वैशाली कपाळाला हात लावायची. मी त्यांना हुलियानराव म्हणायचे. विद्यापीठातले लोक फोनवर हुलियान-सान म्हणायचे. एकदा ते म्हणाले, "माझ्या देशात मी नुसता हुलियान होतो. पुढे-मागे काही नाही. इथे येऊन माझा भाव वाढला."

शिकवायला जायच्या आदल्या दिवशी ते स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसत आणि उद्या जे सांगायचं ते मला मराठीत सांगत. खात्यात असल्यापासूनची सवय होती त्यांची. मंत्र्यांचं भाषण लिहून झालं की दारावरच्या शिपायाला वाचून दाखवायचे, कारण टीव्हीपुढे तसलीच माणसं बसलेली असतात. मी भाजी चिरत ऐकायचे. व्याजदर, चलन, कर्जरोखे. शेवटी विचारायचे, "समजलं?" मी म्हणायचे, "नाही." मग ते परत पहिल्यापासून सांगायचे. परत विचारायचे. मी परत नाही म्हणायचे. "आई, तुम्ही मुद्दाम करता." "मुद्दाम कशाला करू? मला कांदा चिरताना ऐकू येत नाही." इतका हुशार माणूस, पण याचा त्यांना कधी राग आला नाही. मंत्र्यांना समजलं नाही तर ते समजल्यासारखं करायचे, असं म्हणायचे. तुम्ही बऱ्या.

जेवण झाल्यावर ताटं उचलली की मला चैन पडते. त्यांना तसं चालायचं नाही. त्यांच्याकडे जेवण झाल्यावर तासभर तसंच टेबलाशी बसायचं, उष्ट्या ताटांसमोर बोलत. मी ताट ओढायचे, ते धरून ठेवायचे. शेवटी तोड निघाली. ताटं मी उचलायची आणि चमचे तेवढे राहू द्यायचे.

एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. बेकरीवाल्याचा मुलगा, पाव त्यांचा जीव की प्राण. स्टेशनजवळच्या बेकरीतून रोज घेऊन यायचे, हातानं मोडायचे, चव घेऊन नावं ठेवायचे आणि तरी खायचे. पण रविवारी पावाला हात लावत नसत. रविवारी भात नाहीतर मी केलेली भाकरी. मला आधी वाटलं उपास असेल. त्यांच्याकडे शुक्रवारी काहीतरी पाळतात असं ऐकलं होतं, म्हटलं रविवारीही पाळत असतील. विचारलं नाही.

आणि रविवारचा फोन. इथे संध्याकाळी पाचच्या सुमाराला गावभर खांबांवरच्या भोंग्यांतून एक गाणं वाजतं. मुलांनी खेळ थांबवून घरी जावं म्हणून. बोल नसतात, नुसती चाल. मैदान रिकामं होतं, सायकली एकामागून एक निघतात, आणि ती चाल समुद्राच्या भिंतीवर आपटून परत येते, त्यामुळे शेवट दोनदा ऐकू येतो. मला ती चाल पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कोणीतरी कोणाला तरी बोलावतंय आणि ते येत नाही, अशी आहे. रविवारी ती वाजली की हुलियानराव मोबाइल टेबलावर ठेवायचे, स्पीकर लावायचे आणि नंबर लावायचे. तिकडे तेव्हा सकाळ. रिंग वाजायची, वाजायची, वाजायची, आणि आपोआप बंद पडायची. मग ते मोबाइल खिशात ठेवायचे आणि फिरायला जायचे. वैशाली त्या वेळी खोलीत थांबत नसे. कपडे घड्या करायला निघून जायची. मी एकदा तिला विचारलं, कोणाला लावतात. ती म्हणाली, "बहिणीला. पिलारला. ती उचलत नाही. आई, तू विचारू नकोस."

वैशालीनं सांगितलं म्हणून मी बराच काळ विचारलं नाही. पण गेल्या वर्षी एका रविवारी ती कॉन्फरन्सला नागोयाला गेली होती. आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "हुलियानराव, बेकरीत जन्म झाला तुमचा. रविवारी पावानं काय घोडं मारलंय?"

ते सोलत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग बोलायला लागले. मध्ये मध्ये शब्द अडायचे, तेव्हा थांबायचे आणि दुसरा शोधायचे.

बाप गेल्यावर आईनं बेकरी विकली आणि तो पैसा गावच्या बचत बँकेत ठेवला. बँकेतल्या ओळखीच्या कारकुनानं तिला एक कागद दिला आणि सांगितलं, मुदत ठेवच आहे, व्याज जास्त. ती काही ठेव नव्हती. बँक गेली की ते पैसे गेले, असला तो कागद होता. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांकडे तेच कागद. पुढे त्या देशात बँका हलायला लागल्या. हुलियानराव तेव्हा अर्थखात्यात, अशा जागी की कोणती बँक उघडी ठेवायची आणि कोणती नाही, हे ठरताना ते त्या खोलीत असत. एका शुक्रवारी गावच्या बँकेचं ठरलं, सोमवारी शेवटची उघडायची, मंगळवारी नाही. खोलीतल्या कोणीही बाहेर एक अक्षर बोलायचं नाही, कारण बातमी फुटली तर दुसऱ्या दिवशी सगळ्या देशात रांगा लागतील. शपथ होती, कायदा होता.

"आणि रविवारी तुम्ही घरी गेलात," मी म्हटलं.

"रविवारी मी आईकडे जेवायला जायचो. गेलो नसतो तर तिनं फोन केला असता."

आईनं काबुली चण्याचा रस्सा केला होता. पिलार होती. ती आईजवळच राहायची, लग्न केलं नव्हतं. टेबलावर पाव होता. आई वाढता वाढता म्हणाली, "हुलियान, टीव्हीवर काय काय सांगतात. बायका म्हणतात काढून घ्या. काढू का रे उद्या सकाळी?"

 मी मटारचं भांडं बाजूला सारलं.

"मग?"

"मी पाव मोडला. म्हटलं, आई, रस्सा गार होतोय."

मंगळवारी बँकेचं दार उघडलं नाही. बेकरीचे पैसे गेले. नंतर काही थोडं परत मिळालं, तोवर आई नव्हती. पिलारनं त्याच आठवड्यात त्यांना माद्रिदला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "तू पाव मोडलास आणि खाल्ला नाहीस. मी बघत होते." त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. आणि आई? आई गावभर सांगत फिरली. मासे घेताना, देवळाच्या पायऱ्यांवर, जो भेटेल त्याला. माझ्या मुलाला माहीत नव्हतं. त्याचं काम वेगळ्या खात्यात आहे. त्याला माहीत असतं तर त्यानं मला सांगितलं नसतं का? हे सांगत सांगत ती गेली. आणि त्याच सुमाराला यांना युरोपच्या बँकेतून बोलावणं आलं. पोटात गोष्टी राहतात म्हणून.

मला वाटतं त्यांना मी काहीतरी बरं बोलावं असं वाटत होतं. मी तशी नाही. आणि दुसरं असं, की मीही त्याच रांगेतली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पतसंस्था होती, तीही बुडाली. आमच्या ह्यांच्या फंडातले पैसे तिच्यात होते. बुडायच्या आदल्या आठवड्यात चेअरमनची बायको हातात पिशवी घेऊन आमच्या दारावरून गेली. मी हाक मारली, आज काय भाजी आणली? ती हसली. पिशवीत काय होतं ते सोमवारी कळलं. तिच्या बहिणीनंही काढले, जावेनंही काढले. हे मी हुलियानरावांना सांगितलं.

"तुम्ही आईला सांगितलं असतंत," मी म्हटलं, "तर आमच्या चेअरमनसारखे झाला असता. नाही सांगितलंत तर आईला बुडवलंत. दोन्हीकडून तुमचं चांगलं होणार नव्हतं. ती खुर्चीच तशी. पण आईला माहीत नव्हतं असं समजू नका."

त्यांनी मान वर केली. "काय माहीत नव्हतं?"

"तुम्हाला माहीत होतं, हे. पिलारला दिसलं ते आईला दिसलं नसेल? पोरानं पाव मोडला आणि तोंडात घातला नाही, हे आईला दिसतं."

"मग ती लोकांना का सांगायची? माझ्या मुलाला माहीत नव्हतं म्हणून?"

"माहीत होतं म्हणूनच. नाहीतर सांगायची गरज काय होती?"

ते उठले. सिंकपाशी जाऊन आपला कप धुतला. धुतलेला होता तो. परत धुतला, पुसला, परत धुतला. मी मटार सोलायला घेतले. मी जे बोलले ते मला आजही खरं वाटतं.

तेवढ्यात बाहेर भोंग्यावर ती चाल सुरू झाली. ते येऊन बसले, मोबाइल टेबलावर ठेवला आणि नंबर लावला. रिंग वाजायला लागली.

"तिला माझ्याशी बोलायचं नाही," ते म्हणाले.

"बोलायचं नसतं तर वायर काढून ठेवली असती. नंबर बदलला असता. वाजू देते ना ती?"

"उचलत नाही."

"अहो, हा मिस कॉल आहे. उचलायचा नसतोच." ते माझ्याकडे बघायला लागले. मग मी त्यांना समजावून सांगितलं. वैशाली पुण्याला हॉस्टेलवर होती तेव्हा पोचली की ठरल्या वेळी शेजारच्या देशपांड्यांकडे रिंग द्यायची, ते उचलायचे नाहीत, नुसतं आम्हाला सांगायचे. पैसे वाचायचे आणि पोरगी पोचली हे कळायचं. जर्मनीला गेली तरी तसंच. पोचले, जेवले, निघाले, सगळं मिस कॉलवर. त्यात बोलणं नसतं. मी आहे, एवढंच असतं.

हुलियानराव हसायला लागले. हसले म्हणजे पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे इतकी वर्षं मी मिस कॉल देतोय?"

"मग ठेवा आता. सगळी रिंग कशाला संपवता? तिलाही कामं असतील."

त्यांनी बोट लावून फोन बंद केला. मला आठवतंय, त्या संध्याकाळी ते फिरायला गेले नाहीत. तव्यावरची भाकरी झाल्यावर मी ताट दिलं, तर म्हणाले, पाव आहे का घरात थोडा? कालचा शिळा होता. तो त्यांनी खाल्ला.

तेव्हापासून रविवारचं बदललं. भोंगा वाजला की ते नंबर लावायचे, चार-पाच रिंगा झाल्या की ठेवून द्यायचे आणि मला म्हणायचे, "पोचलो, आई." वैशाली आता खोलीत थांबायला लागली. एकदा मला म्हणाली, "तू काय केलंस ग त्याला?" मी म्हटलं, काही नाही, फोन कसा करायचा ते शिकवलं.

मग तो शनिवार आला. इथे माणूस जाळल्यावर घरच्यांनी अस्थी चॉपस्टिकनं उचलायच्या असतात. दोघांनी मिळून एक हाड उचलायचं आणि मडक्यात ठेवायचं, पायाकडून सुरुवात करायची म्हणजे माणूस मडक्यात उभा राहतो. मला चॉपस्टिकनं भाताचं शीत उचलता येत नाही. पण ते उचललं. वैशाली एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं.   मडकं पांढऱ्या कापडात बांधून फळीवर ठेवलंय, अजून तिथेच आहे. त्याच्या शेजारी त्यांचा मोबाइल. बँकेचे, विद्यापीठाचे निरोप त्याच्यावर येतात म्हणून वैशाली तो चार्ज करून ठेवते.

पिलारला वैशालीनं त्याच दिवशी आपल्या फोनवरून कळवलं होतं. अनोळखी नंबर म्हणून तिनं उचलला. ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि ठेवला. वैशाली म्हणाली, दगड आहे. 

पहिले काही रविवार भोंगा वाजला की आम्ही दोघी फळीकडे बघायचो. काही कारण नव्हतं. मेलेला माणूस फोन लावत नाही. तरी ती चाल समुद्राकडून परत यायची तोवर घरात कोणी बोलायचं नाही. एकदा दाराशी "आलो" असं ऐकू आल्यासारखं वाटलं म्हणून मी उठून गेले. त्यांचे बूट तिथेच आहेत, जोडीनं, बाहेर जायला निघाल्यासारखे दाराकडे तोंड करून ठेवलेले. इथे तसेच ठेवतात. वैशाली म्हणते, आत ठेवू कपाटात. मी म्हटलं, राहू दे.

मग एका रविवारी भोंगा वाजून संपला आणि फळीवरचा मोबाइल वाजला. वैशाली पांढरी पडली. स्क्रीनवर नाव होतं पिलार. दरवर्षी नाताळाच्या कार्डावर ते आपला नंबर लिहायचे, तो तिनं जपून ठेवला होता.

वैशालीनं स्पीकर लावला. बाईचा आवाज कोरडा, खडखडीत, माझ्यासारखाच. वैशाली ऐकायची आणि तुकड्या-तुकड्यानं मला सांगायची. पिलार म्हणत होती, फोन तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. रविवारी सकाळी वाजायचा. ती कॉफी घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि तो वाजून संपला की कॉफी प्यायची. आता वाजत नाही. कॉफी गार होते. हे सांगायला तिनं फोन केला होता, दुसरं काही नाही.

मग ती आणखी काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही."

"वैशाली, काय म्हणते?"

"म्हणते, आधी तो शेवटपर्यंत वाजवायचा. गेल्या वर्षापासून मध्येच ठेवायला लागला. तिला वाटलं थकला, आता सोडून देईल. म्हणून थंडीत एका रविवारी ती उठली. हाताला पीठ होतं, ते पुसलं. भिंतीपर्यंत पोचली... आणि बंद झाला. ती विचारते, तो मध्येच का ठेवायचा?"

मी म्हटलं, "खरं ते सांग."

वैशालीनं सांगितलं. मिस कॉल म्हणजे काय, देशपांडे, हॉस्टेल, सगळं.  मग पिलार एकच वाक्य बोलली. वैशाली ते मला सांगेना, मी सांगायला लावलं.

"म्हणते, तुझ्या आईला सांग, आमच्याकडे रिंग म्हणजे रिंग असते."

"तिला सांग," मी म्हटलं, "आमच्याकडे उचलायचं असलं तर माणूस पहिल्यांदा वाजल्यावर उचलतो."

वैशालीनं सांगितलं की नाही मला माहीत नाही, पण काहीतरी सांगितलं. तिकडून एक आवाज आला. हसणं होतं की काय, फोनवर कळत नाही. मग तिनं ठेवला. भावाला माफ केलं असं ती म्हणाली नाही. आईला काय माहीत होतं, तेही मी तिला विचारलं नाही. ज्याला ते ऐकायचं होतं तो मडक्यात उभा आहे.

वैशालीनं त्या दिवशी मला दोष दिला नाही.  मला जे येत होतं ते मी त्यांना शिकवलं. दुसरं कुठून आणणार होते?

तो मोबाइल बंद करायचा असं वैशालीचं चाललं होतं, मी करू दिला नाही. आता रविवारी भोंगा वाजला की मी तो फळीवरून काढून टेबलावर ठेवते आणि पिलारला लावते. कुठे दाबायचं ते वैशालीनं दाखवून ठेवलंय. तिकडे पिलार कॉफी घेऊन बसलेली असणार. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी येत नाही, आणि ती अजून उचलत नाही. रिंग वाजत राहते. चाल समुद्राकडून परत येऊन संपते तरी रिंग वाजत असते. ताटं मी आता जरा उशिरा उचलते. आणि फोन मध्येच ठेवत नाही. पूर्ण वाजू देते.